अमेरिकेत दिवाळखोरी दाखल करताना: एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडून काम नीट कसं करून घ्यावं

क्रेडिट कार्डं, हॉस्पिटलची बिलं आणि नोकरी गेल्यावर काढलेली पर्सनल लोन गळ्याशी आली की अमेरिकेत दिवाळखोरीचा चॅप्टर ७ (देणं माफ करून घेणं) किंवा चॅप्टर १३ (ठरलेल्या हप्त्यांत फेडणं) हा कायदेशीर मार्ग आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यालाही तो मोकळा आहे. अमेरिकेत राहणं, व्यवसाय असणं किंवा इथे मालमत्ता असणं, यांपैकी एक पुरतं. अशा केसेस बऱ्याचदा एकटा वकील चालवतो. ऑफिसात तो, फार तर एक पॅरालीगल, म्हणजे कागदपत्रं पाहणारा सहायक. फायदा असा की पहिल्या भेटीत ज्याच्याशी बोललात तोच कागद तयार करतो आणि तोच ट्रस्टीसमोर (केस तपासायला नेमलेल्या माणसासमोर) तुमच्या शेजारी बसतो. तोटा असा की तुम्ही जे त्याला सांगितलं नाहीत ते शोधायला त्याच्याकडे दुसरं माणूस नाही. मराठी माणसाच्या बाबतीत न सांगितलेलं बहुतेक वेळा भारतात असतं.

वकील निवडणं

राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संस्थेच्या) वेबसाइटवर लायसन्स चालू आहे का आणि शिस्तभंगाची नोंद आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. त्यानंतर फोनवर चार प्रश्न विचारा. चालू वर्षात चॅप्टर ७ किती आणि १३ किती दाखल केल्या? आजारी पडलात किंवा सुट्टीवर गेलात तर ट्रस्टीसोबतच्या मीटिंगला कोण येणार? ईमेलचं उत्तर साधारण किती दिवसांत मिळतं? परदेशातली मालमत्ता असलेली केस केली आहे का? शेवटच्या प्रश्नावर "त्याने काही फरक पडत नाही" असं उत्तर आलं, तर तिथेच आभार मानून फोन ठेवा.

दिवसभर कोर्टात असलेला वकील दुपारी फोन उचलणार नाही, यात राग मानण्यासारखं काही नाही. मात्र आठवडाभर उत्तर नाही, हे चालवून घेऊ नये. प्रश्न सुटे सुटे न पाठवता एका ईमेलमध्ये आकडे घालून पाठवले तर उत्तर लवकर येतं.

फी बहुधा ठोक असते. चॅप्टर ७ साठी शहरागणिक एक ते अडीच हजार डॉलर हा सर्वसाधारण पट्टा. कोर्टाची फी ३३८ डॉलर, ती वेगळी. चॅप्टर १३ ची कोर्ट फी ३१३ डॉलर आणि वकिलाची फी बरीच जास्त, पण तिचा मोठा भाग परतफेडीच्या प्लॅनच्या हप्त्यांतून जातो. चॅप्टर ७ मध्ये बहुतेक वकील फी अर्जाआधी पूर्ण मागतात, कारण अर्जानंतर उरलेली फी हीसुद्धा तुमच्या इतर देण्यांसारखीच माफ होऊ शकते. ती क्रेडिट कार्डाने भरू नका. ज्या देण्यातून सुटका मागताय त्यातच भर घालण्याचा तो प्रकार, आणि नंतर त्याबद्दल प्रश्न येतो.

लेखी करार कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यात एकच भाग नीट वाचा: फीमध्ये काय येत नाही. एखाद्या बँकेने तुमच्यावर कोर्टात स्वतंत्र दावा लावला, तर तो जवळपास नेहमीच वेगळ्या फीचा असतो. मीटिंग पुढे ढकलली गेली, ज्यांचं देणं आहे त्यांच्या यादीत नंतर नाव घालावं लागलं, गाडीच्या कर्जाचा करार पुन्हा करायचा झाला, तर काय, हे आधी विचारून घ्या.

चांगला वकील कधीकधी "अर्ज करू नका" असंही सांगतो. सगळं देणं स्टुडंट लोनचं असेल तर चॅप्टर ७ चा उपयोग सहसा थोडा. अलीकडच्या वर्षांचा इन्कम टॅक्स आणि मुलांची पोटगी सुटत नाही. फोन करून "अर्ध्यात सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या कंपन्यांना २०१० पासून काम होण्याआधी फी घेण्याची मनाई आहे. आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबा. शिवाय सेटलमेंटमध्ये सुटलेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर १०९९-सी हा माफ झालेल्या देण्याचा टॅक्स फॉर्म येतो आणि ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. दिवाळखोरीत सुटलेलं देणं उत्पन्न धरत नाहीत.

इथले कागद

ही यादी वकील देईलच: सहा महिन्यांच्या पेस्लिप, टॅक्स रिटर्न, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, गाडीचं टायटल, घराचे कागद, तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट. चॅप्टर १३ साठी मागच्या चार वर्षांची रिटर्न भरलेली असावी लागतात. मीन्स टेस्टमध्ये (चॅप्टर ७ ला पात्र आहात का, हे उत्पन्नावरून पाहणाऱ्या चाचणीत) अर्जाच्या आधीच्या सहा पूर्ण कॅलेंडर महिन्यांचं उत्पन्न मोजतात. मार्चमध्ये बोनस आला असेल तर अर्ज एप्रिलमध्ये करायचा की ऑक्टोबरमध्ये, यावर निकाल फिरू शकतो. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं एनआरओ खात्यात पडत असलं तरी ते उत्पन्नच.

आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर ते लपवू नका, उलट पुरावा जमवा. वृद्ध किंवा दीर्घ आजारी आईवडिलांच्या देखभालीचा वाजवी खर्च, ते स्वतः करू शकत नसतील तर, मीन्स टेस्टमध्ये वजा करता येतो. मनी ट्रान्सफरच्या पावत्या, औषधांची बिलं, डॉक्टरचं पत्र लागेल. "दर महिन्याला साधारण पाचशे" एवढ्यावर कोणी मान्य करत नाही.

भारतातलं सगळं कागदावर आणा

अर्जाच्या शेड्यूलमध्ये (मालमत्ता आणि देण्यांच्या जोडयाद्यांत) जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहायची असते. "ते बाबांचंच आहे, फक्त माझं नाव आहे" ही सबब शपथेवर उपयोगाची नाही. जे आहे ते लिहायचं आणि शेजारी खरी परिस्थिती सांगायची.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. वडील गेल्यावर वारस नोंद झाली की भोगवटादाराच्या रकान्यात भावंडांसोबत तुमचंही नाव चढतं, आणि न्यू जर्सीत बसलेल्या मुलीला त्याची खबरही नसते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणून "माझं लग्न झालंय, माझा काय संबंध" असं गृहीत धरू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा. शहरातल्या जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड. वकिलाला मराठी उतारा तसाच पाठवून भागत नाही. एका पानावर इंग्रजीत लिहून द्या: गाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि एकरांत, सहहिस्सेदार किती, तुमचा हिस्सा किती, इतर हक्कांच्या रकान्यात पीककर्जाचा बोजा आहे का. किमतीसाठी रेडी रेकनरचा दर हा आधार; फ्लॅट असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जास्त भक्कम.

आठ भावंडांतला वीस गुंठ्यांचा हिस्सा विकायला ट्रस्टी सहसा धावत नाही. खर्च आणि कटकट पाहता तो सोडून देतो, किंवा तुमच्याकडून ठरावीक रक्कम घेऊन विषय मिटवतो. पण सोडून देण्यासाठी तो आधी शेड्यूलमध्ये लिहिलेला असावा लागतो. न लिहिलेली मालमत्ता केस बंद झाल्यावरही इस्टेटचीच (ट्रस्टीच्या ताब्यातल्या मालमत्तेचाच भाग) राहते. मुद्दाम लपवली तर डिस्चार्ज (देणं माफ करणारा कोर्टाचा आदेश) नाकारला जाऊ शकतो, आणि खोट्या शपथेचा फौजदारी गुन्हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा आहे. दिवाळखोरी केली म्हणून नागरिकत्व अडत नाही. खोटी शपथ मात्र अडवू शकते.

हक्कसोडपत्राचा प्रश्न नाजूक आहे. "भावाच्या नावावर करून टाक आणि मग अर्ज कर" हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास येतो. मागच्या दोन वर्षांतली हस्तांतरणं अर्जात लिहावीच लागतात, आणि पुष्कळ राज्यांच्या कायद्यात मागे चार वर्षांपर्यंत पाहता येतं. फुकट सोडलेला हिस्सा ट्रस्टी परत मागू शकतो, आणि हेतूवर संशय येतो तो वेगळाच. आधीच सही केली असेल तर तारीख आणि दस्त नंबर वकिलाला द्या. दुसरं हक्कसोडपत्र करून ते उलटवण्याची खटपट स्वतःच्या डोक्याने करू नका.

बाकीच्या गोष्टींपैकी आईसोबतची 'आयदर ऑर सर्व्हायवर' एफडी लिहायचीच; पैसे तिच्या पेन्शनचे आहेत हे पासबुकातून दाखवायचं. एलआयसी पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू शाखेतून लेखी घ्या. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर मिळतं. पीपीएफ हा ४०१(के) या अमेरिकेतल्या नोकरीच्या निवृत्ती खात्यासारखाच सुरक्षित असेल असं धरून चालू नका. अमेरिकेतलं निवृत्ती खात्यांचं संरक्षण तिथल्या टॅक्स कायद्यातल्या खात्यांना जोडलेलं आहे. आईच्या लॉकरमधलं तुमचं लग्नातलं सोनं ही तुमचीच मालमत्ता, आणि दागिन्यांची सूट (ट्रस्टी हात लावू शकत नाही तेवढी किंमत) तुटपुंजी: फेडरल यादीत ती २,१२५ डॉलर आहे. कुठल्या राज्याची सूट लागू होईल हे मागच्या ७३० दिवसांत तुम्ही कुठे राहिलात यावर ठरतं, म्हणून टेक्सासहून कॅलिफोर्नियात नुकतेच आला असाल तर तारखा सांगा. भिशीत भरलेले आणि अजून न उचललेले पैसेही येणं म्हणून लिहायचे.

देणेकऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांच्या, बाजूलाही भारत असतो. बँकेचं शैक्षणिक कर्ज, ज्याला वडील जामीनदार आहेत, ते यादीत हवं. तुमचा डिस्चार्ज वडिलांना वाचवत नाही, आणि अमेरिकेत शाखा नसलेली भारतीय बँक इथल्या कोर्टाच्या वसुलीवरच्या स्थगितीला फारशी जुमानत नाही. वडिलांना हे आधी सांगावं. नंतर बँकेच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा ते बरं.

अर्जाआधी काय करू नये

मामाचे किंवा मित्राचे उसने पैसे आधी फेडून टाकावेत असं मन म्हणतं. नातेवाइकांना मागच्या एका वर्षात दिलेले, एकूण ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त पैसे ट्रस्टी मामाकडून परत मागू शकतो. आत्ता थांबा, डिस्चार्जनंतर स्वखुशीने फेडायला कोणी अडवत नाही. मामाचं नाव मात्र देणेकऱ्यांत लिहायलाच हवं.

एकाच कार्डावर शेवटच्या ९० दिवसांत ९०० डॉलरपेक्षा जास्त चैनीची खरेदी, किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरपेक्षा जास्त कॅश ॲडव्हान्स झाला तर ते देणं फसवणुकीचं असल्याचं कायदा गृहीत धरतो. भारताची तिकिटं आणि लग्नाची साड्या-दागिन्यांची खरेदी बहुधा त्यातच मोडते. ४०१(के) मोडून कार्डं भरू नका: जे पैसे सुरक्षित होते तेच घालवून बसाल, वर टॅक्स आणि दंड.

चॅप्टर ७ एकदा दाखल केली की मन बदललं म्हणून ती मागे घेता येत नाही. कोर्टाची परवानगी लागते आणि मालमत्ता सापडली असेल तर ती मिळणं अवघड. चॅप्टर १३ बहुतेक वेळा मागे घेता येते. जमिनीबद्दल वकिलाला सांगायचं ते सहीच्या आधी, याचं हेच कारण.

अर्ज आणि मीटिंग

मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट काउन्सेलिंग अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत झालेलं हवं. ऑनलाइन तासा-दीड तासात होतं. ते न करता दाखल झालेली केस साधारणपणे फेटाळली जाते. घराचा लिलाव उद्यावर आला असेल तर वकील नुसता मुख्य अर्ज टाकून वसुली थांबवू शकतो. बाकीची शेड्यूलं १४ दिवसांत द्यावी लागतात. अशा घाईत चुका होतात, तेव्हा ते अपवाद म्हणूनच.

सहीआधी पूर्ण अर्ज मागा आणि एका बैठकीत प्रत्येक पान वाचा. एकट्या वकिलाच्या ऑफिसात जुन्या केसचा साचा वापरलेला असतो. मागच्या पक्षकाराची टोयोटा तुमच्या शेड्यूलमध्ये राहून गेलेली असू शकते. नावाचं स्पेलिंग, पासपोर्टवरचं वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलंय का, सोशल सिक्युरिटी नंबर, अर्जाच्या दिवशीची बँकेतली शिल्लक, हे स्वतः तपासा.

देणेकऱ्यांची मीटिंग चॅप्टर ७ मध्ये २१ ते ४० दिवसांत, आता बहुधा झूमवर. फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा हाताशी हवा. टॅक्स रिटर्न ट्रस्टीकडे सात दिवस आधी पोचलेलं असावं. मीटिंग पाच-दहा मिनिटांची. अर्ज सहीआधी वाचलात का, सगळं खरं आहे का, सगळी मालमत्ता लिहिली का, कोणी तुमचं देणं लागतं का, असेच प्रश्न येतात. उत्तर छोटं आणि नेमकं: "सातारा जिल्ह्यात शेतजमिनीत माझा एक अष्टमांश हिस्सा आहे, तो शेड्यूलमध्ये लिहिला आहे." गावची गोष्ट सांगत बसू नये. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाषी फोनवर विनामूल्य मिळतो. वकिलाला आधी सांगून ठेवा. मुलाने किंवा नवऱ्याने शेजारून उत्तर देणं चालत नाही.

मीटिंगच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत आक्षेप नोंदवायची मुदत संपते आणि सहसा त्यानंतर डिस्चार्ज येतो. दुसरा ऑनलाइन कोर्स याच काळात पूर्ण करायचा. तो राहिला तर केस डिस्चार्जशिवाय बंद होते, आणि पुन्हा उघडायला परत फी भरावी लागते.

अर्जाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत घरातलं कोणी गेलं आणि वारसाने तुमच्याकडे काही येणार असेल, किंवा विम्याचे पैसे मिळणार असतील, तर तेही इस्टेटमध्ये येतं, मग डिस्चार्ज हातात पडलेला असो वा नसो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही; म्हणून ती १८० व्या दिवसाची तारीख अर्ज दाखल होतो त्याच दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा, आणि तसं काही घडलं तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देण्याआधी वकिलाला ईमेल करा.