सत्तावीस पैसे कुठे गेले? हिशोबाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

जून २०२० पर्यंत आमच्याकडे सगळं जुळत होतं. जुलैची म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट आली आणि प्रत्येकाच्या हिशोबात थोडा थोडा फरक पडायला लागला. माझ्या पाच हजारांच्या एसआयपीत सत्तावीस पैसे कमी.

आम्ही पुण्यातले सहा-सात जण तेव्हा वर्षभर एकत्र काम करत होतो. काम तसं छोटं: बँकेचं किंवा फंडाचं स्टेटमेंट वाचायचं आणि ग्नूकॅश, केमायमनी अशा हिशोब ठेवायच्या मुक्त (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरला घेता येईल अशा रूपात ते बदलून द्यायचं. पगार नाही, ऑफिस नाही. एरवी रविवारी सकाळी कोथरूडला एकाच्या घरी बसायचो, त्या पावसाळ्यात मात्र व्हिडिओ कॉलवर. मी बी.कॉम. होऊन सदाशिव पेठेत एका सीएंकडे नोकरी करत होते आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकती कुठे शिकत होते.

सत्तावीस पैशांबद्दल आमच्यातल्या इंजिनिअर मंडळींचं मत ठरलेलं होतं: दशांशातली काटछाट असणार, सोडून द्या. आमच्यात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते म्हणाले, “फरक पैशांत आहे म्हणून चूकही पैशांचीच असेल असं कुणी सांगितलं? कधी कधी एक मोठी चूक दुसऱ्या मोठ्या चुकीखाली झाकलेली असते. आधी शोधा, मग सोडा.”

स्टेटमेंट घेऊन मी बसले. त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, होती ५२.३४१७. पाच हजारांना तिने भागलं तर ९५.५२६ युनिट यायला हवी होती, मिळाली होती ९५.५२१. म्हणजे पूर्ण पाच हजार गुंतवले गेलेच नव्हते. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागू झालं होतं, पाच हजारांवर पंचवीस पैसे. स्टेटमेंटवर त्याची वेगळी ओळ छापलेली होती, पण आमचा प्रोग्रॅम ओळखीची नसलेली ओळ दिसली की ती मुकाट्याने टाकून देत होता. उरलेले दोन पैसे मात्र खरोखरच दशांशांचे होते. युनिट तीन दशांशांपर्यंतच ठेवली जातात, त्यामुळे आमचा प्रोग्रॅम करायचा तसं ९५.५२१ ला पुन्हा एनएव्हीने गुणलं की ४,९९९.७५ च्या जागी ४,९९९.७३ येतात.

एकाच फरकात दोन कारणं निघाली आणि दोघांचे उपाय वेगळे. शुल्काची ओळ वाचून ती खर्चाच्या खात्यात टाकायला लागलो. आणि गुणाकार करणंच थांबवलं. स्टेटमेंटवर रक्कम आणि युनिट दोन्ही छापलेली असतात, ती जशीच्या तशी उचलायची, भाव त्यांच्यावरून काढायचा. ग्नूकॅश आतून हेच करतं. हिशोब साठवलेली त्याची एक्सएमएल फाइल उघडून पाहिलीत तर रक्कम ४९९९७५/१०० आणि युनिट ९५५२१/१००० अशी अपूर्णांकात लिहिलेली सापडतील. संगणक दशांश आकडे नेहमी ज्या द्विमान पद्धतीत ठेवतो (तिला फ्लोट म्हणतात) तिच्यात ०.१ हा आकडा अचूक मावत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. हजारो नोंदींच्या बेरजेत हा कचरा साठत जातो. म्हणून पैसे ठेवायचे ते पूर्णांकात, अपूर्णांकात किंवा पायथनच्या डेसिमल प्रकारात. आमच्याकडे कुणी रक्कम फ्लोटमध्ये ठेवणारा कोड पाठवला तर बाकीचं कितीही छान असलं तरी आम्ही तो परत पाठवतो.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं सांगते, कारण ‘मला कोडिंग फारसं येत नाही, मी काय करणार’ हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. तो फरक शोधताना मी कोडची एकही ओळ लिहिली नव्हती. कुठल्या महिन्यापासून हिशोब बिघडला, किती बिघडला, कुठल्या ओळीमुळे बिघडला, एवढं लिहून दिलं. दुरुस्ती एका मुलाने अर्ध्या तासात केली. त्याला लागलेला अर्धा तास आणि मला लागलेले चार दिवस, दोन्ही त्याच कामाचे.

तेव्हा सुरुवात कशी करायची? माझं मत पक्कं आहे: आधी महिनाभर स्वतःचा हिशोब त्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. ग्नूकॅशची १.० आवृत्ती १९९८ ची, जगभरच्या स्वयंसेवकांनी ते इतकी वर्षं चालवलंय आणि ते दुहेरी नोंदीवर उभं आहे. पैसा एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्यात जातो, दोन्हीकडे नोंद. रिक्षाचे साठ रुपये रोखीतून गेले आणि प्रवासखर्चात आले. हे अंगवळणी पडल्याशिवाय कोड वाचायला बसलात तर प्रत्येक फाइल परकी वाटेल.

इथे एका ठिकाणी जवळजवळ सगळेच अडतात. पगार झाला की पासबुकात तो ‘जमा’ दिसतो, पण आपल्या वहीत बँकेचं खातं ‘नावे’ (डेबिट) पडतं. कॉमर्स न शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. पासबुक ही बँकेची वही आहे. बँकेच्या बाजूने पाहिलं तर आपले पैसे म्हणजे तिने आपल्याला द्यायची रक्कम, आपल्या बाजूने तीच आपली मालमत्ता. ग्नूकॅशमध्ये लेखाशास्त्रातली औपचारिक नावं दाखवायची की सोपी, हे पसंतीतून ठरवता येतं, त्याचं कारण हाच गोंधळ. भाषांतर करू इच्छिणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. औपचारिक नावांसाठी मराठीत तयार शब्द आहेत: रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. ते सोडून नवे संस्कृत शब्द घडवू नका. पण बँक खात्याच्या सोप्या नावांत ‘जमा’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आणि ‘भरणा’ घेतला, नाहीतर एकच शब्द दोन पडद्यांवर दोन विरुद्ध अर्थांनी आला असता. त्या एका शब्दावर आमचे दोन रविवार गेले. मला ते वाया गेलेले वाटत नाहीत.

कोडकडे यायचं तर बँकांच्या फाइली वाचणं ही सर्वात चांगली शाळा. कुणाची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, कुणाच्या फाइलीच्या तळाशी सूचनांचा परिच्छेद, कुणाची एक्सेलची म्हणून मिळालेली फाइल उघडून पाहिली तर आत एचटीएमएल. आमच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनंतर येतात असं धरलेलं होतं, त्यामुळे १,२५,००० दिसले की तो कोलमडायचा. तारखेची चूक त्याहून वाईट, कारण ती कोलमडत नाही. ०३/०४/२०२३ म्हणजे ३ एप्रिल. प्रोग्रॅमने ते ४ मार्च असं वाचलं तर नोंद एका आर्थिक वर्षातून उचलून आधीच्या वर्षात जाऊन बसते आणि बेरीज तरीही बरोबर येते. दुबार नोंदींचंही तसंच. तारीख आणि रक्कम सारखी म्हणून नोंद गाळली, तर एकाच दिवशी दोनदा घेतलेल्या चाळीस रुपयांच्या नाश्त्यातला एक गायब होतो. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो असेल तिथे त्याच्यावर भिस्त ठेवा. आणि प्रत्येक फाइलीच्या शेवटी सुरुवातीची शिल्लक, अधिक भरणा, वजा उचल, बरोबर अखेरची शिल्लक, हा ताळा लागलाच पाहिजे. हा ताळा प्रोग्रॅममध्ये घालायचा हट्ट काकांचा. आज आमच्या बहुतेक चुका तोच पकडतो.

आता एक गोष्ट जी चुकली आणि जिचं मला अजून वाईट वाटतं. एक विद्यार्थी नवा आला होता. त्याच्या वडिलांच्या बँकेची फाइल वाचली जात नव्हती, म्हणून त्याने ती फाइलच चाचणीसाठी सार्वजनिक कोडमध्ये टाकली. रिव्ह्यू मी करत होते. मी कोड पाहिला, फाइल उघडलीच नाही, आणि मंजुरी दिली. त्यात खाते क्रमांक होता, घराचं भाडं कुणाला जातं ते होतं, मोबाईल क्रमांक असलेले यूपीआय आयडी होते, म्हणजे ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही अशा लोकांचेही. दोन दिवसांनी लक्षात आलं. फाइल काढून टाकली, पण कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये नवी नोंद करून फाइल काढली तरी जुन्या इतिहासात ती राहते. इतिहास पुन्हा लिहावा लागला, ज्यांनी ज्यांनी कोड उतरवून घेतला होता त्यांना एकेकाला फोन करावा लागला. मुलाच्या वडिलांशी मी स्वतः बोलले. ते रागावले नाहीत, त्यामुळे तर जास्तच लागलं.

तेव्हापासून खरं स्टेटमेंट आम्ही कुणाकडूनही घेत नाही. स्तंभांची रचना तशीच ठेवून आकडे आणि नावं खोटी घातलेली फाइल बनवायची, पाच-सहा ओळींची पुरते. हीच फाइल बनवणं हे आम्ही नव्या माणसाला पहिलं काम म्हणून देतो. ती बनवता बनवता स्टेटमेंटचा प्रत्येक स्तंभ कळतो आणि दुसऱ्याचा पैसा किती खासगी असतो हेही हाताला कळतं.

मोठ्या प्रकल्पाला थेट मदत करायची असेल तर त्यांच्या रिती आधी वाचा. ग्नूकॅशमध्ये दुरुस्त्या ‘स्टेबल’ शाखेवर (शाखा म्हणजे कोडची वेगळी चालवलेली प्रत) जातात आणि नव्या सोयी ‘फ्युचर’ शाखेवर, चुकांची नोंद बगझिलावर. मोठा बदल करण्याआधी विचारून घ्या. चार महिने खपून लिहिलेलं काम ‘ही दिशा आम्हाला नको’ म्हणून परत आलेलं मी पाहिलंय, आणि दोष कुणाचाच नव्हता. भावांची माहिती आणणाऱ्या फायनान्स-कोट या पर्ल भाषेतल्या संचात आपल्या म्युच्युअल फंडांच्या एनएव्ही आणणारा भाग आहे, तिथे भारतातल्या माणसाची नजर खरंच उपयोगी पडते.

हिंजवडीत किंवा खराडीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी आपलं नियुक्तिपत्र काढून वाचावं. तुम्ही फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही कंपनीचा हक्क सांगणारं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘चालेल रे’ नको.

वेळेबद्दल थोडं सांगते. स्वयंसेवक मार्चअखेरीस नाहीसे होतात, परीक्षेत नाहीसे होतात, बाळ झालं की वर्षभर नाहीसे होतात. यावर रुसून उपयोग नाही. आमच्याकडे एकच माणूस एका बँकेचा कोड जाणत होता, त्याची बंगळूरला बदली झाली आणि ती बँक आठ महिने बंद पडली. आता प्रत्येक भाग दोघांना माहीत असतो आणि जाणारा माणूस जाण्यापूर्वी अर्धवट काम कुठे आहे ते लिहून ठेवतो. तुम्हाला महिन्यातून दोनच तास जमणार असतील तर दोनच सांगा. आम्हाला ते पुरतात. दहा सांगून शून्य देणारा माणूस मात्र इतर तिघांना वाट बघायला लावतो.

नोकरीसाठी याचा उपयोग होतो का? मला झाला. आज मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. मुलाखतीत प्रमाणपत्रांबद्दल कुणी विचारलं नाही, मुद्रांक शुल्काच्या त्या चुकीवर आमची जी लेखी चर्चा झाली होती ती त्यांनी वाचून आणली होती आणि त्यावरच पाऊण तास बोलणं झालं. पण वर्ष-दीड वर्ष टिकून काम केल्यावरची ही गोष्ट आहे. फक्त बायोडेटात एक ओळ हवी म्हणून आलेले दोन महिन्यांत कंटाळतात.

सध्या आमच्याकडे एक काम अर्धवट आहे, कुणाला यायचं असेल तर तिथूनच या. मदतीच्या पानांत आम्ही भिशीचं उदाहरण लिहितोय. बारा जणी, महिना दोन हजार, उचल चोवीस हजारांची. उचल मिळेपर्यंत भरलेले पैसे आपलं येणं असतात, मिळाल्यावर देणं. पाचव्या महिन्यात उचल मिळाली तर दहा हजार भरलेले, चोवीस मिळालेले, म्हणजे चौदा हजारांचं देणं, बरोबर उरलेले सात हप्ते. काकांचं म्हणणं, त्या दिवशी मालमत्तेचं खातं बंद करून देण्याचं उघडावं. माझं म्हणणं, एकच खातं ठेवावं, ते उणे चौदा हजारांवर जाऊ द्यावं, बाराव्या महिन्यात ते आपोआप शून्यावर येतं आणि घरच्या माणसाला तेवढंच समजायला सोपं. पान माझ्या पद्धतीने लिहिलं आणि आमच्यातल्या एका मुलीच्या आईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, आकडे बोटांवर मोजले, आणि म्हणाल्या, “आमची भिशी लिलावाची असते. जी कमी घ्यायला तयार तिला आधी उचल, आणि सुटलेले पैसे सगळ्यांत वाटतात. ते कुठे लिहायचं?”

त्या वाटून आलेल्या पैशांना उत्पन्न म्हणायचं की हप्त्यातली सूट, यावर गेले तीन रविवार चर्चा चालू आहे.