गाडी नकाशावर पळतेय, पण कॅमेरा दिसत नाही? या चुका टाळा

गाडी नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे निघालेली नकाशावर स्पष्ट दिसते, पण मोबाइलवर गाडीतला कॅमेरा उघडला की नुसतं गोल फिरत राहतं. मग वायरमनला फोन जातो, गाडी सोलापुरात परतली की कॅबिन उसकटली जाते, आणि शेवटी कळतं की वायरिंग ठीकच होतं.

“लोकेशन येतंय म्हणजे नेट आहे” हा समज आधी सोडा. लोकेशन म्हणजे काही सेकंदांनी एकदा जाणारे मोजके बाइट. रेंज गेली तर गाडीतलं मशीन (एमडीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं आणि पाठवणारं यंत्र) ते साठवून ठेवतं आणि मागाहून पाठवतं. लाइव्ह व्हिडिओ असा आपणहून येत नाही. तुम्ही बटण दाबलं की सॉफ्टवेअर गाडीतल्या एमडीव्हीआरला निरोप देतं, त्यात व्हिडिओ सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता असतो, आणि मशीन त्या पत्त्यावर वेगळी जोडणी उघडतं. ही दुसरी वाट बंद असली तरी नकाशावर गाडी मजेत पळत राहते.

ती वाट सगळ्यात जास्त अडते सिममध्ये. रोज दीड जीबीचं साधं रिचार्ज मारलेलं सिम गाडीत घालणं ही नेहमीची चूक. हिशोब करून बघा. ३०० केबीपीएसचा एक चॅनल, म्हणजे एक कॅमेरा, तासाला साधारण १३५ एमबी खातो. चार कॅमेरे एकदम उघडे ठेवले तर ५४० एमबी, म्हणजे तीन तासांच्या आत दिवसाचा कोटा साफ. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात लोकेशन आरामात जातं, व्हिडिओ जात नाही. सकाळी दिसतं, दुपारी दिसत नाही, रात्री बारानंतर पुन्हा दिसतं, असं होत असेल तर वायरला हातही लावू नका.

यंत्रांसाठी मिळणाऱ्या १३ अंकी एम२एम सिमची भानगड वेगळी. भारतात या सिमवर डेटा ठरवून दिलेल्या पत्त्यांवरच जातो. कंपनीने यादीत फक्त लोकेशन सर्व्हर टाकला आणि व्हिडिओ सर्व्हर राहिला, तर व्हिडिओ कधीच उघडणार नाही, कितीही रिचार्ज करा. सॉफ्टवेअरवाल्याकडून व्हिडिओ सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट लेखी घ्या आणि सिम देणाऱ्याला यादीत टाकायला सांगा. हे सिम तपासायला म्हणून मोबाइलमध्ये घालू नका, काही सिम मशीनच्या आयएमईआयशी (ओळख क्रमांकाशी) बांधलेली असतात आणि लॉक होतात. आणि आरटीओसाठी बसवलेल्या एआयएस १४० यंत्राच्या सिमवर कॅमेरा चालेल अशी आशा तर अजिबात धरू नका. ते यंत्र लोकेशन आणि पॅनिक बटणासाठी आहे.

लाइव्ह बघताना मेन स्ट्रीम निवडणं हीही महागात पडणारी सवय. मेन स्ट्रीम म्हणजे मशीनमधल्या मेमरी कार्डावरच्या रेकॉर्डिंगसाठीचं जड चित्र. ती दीड एमबीपीएसवर ठेवली असेल तर एकच कॅमेरा तासाला ६७५ एमबी ओढतो आणि हायवेवर अडकत अडकत चालतो. लाइव्हसाठी सब स्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची हलकी प्रत ठेवा: सीआयएफ किंवा डी१ हे कमी रिझोल्यूशन, सेकंदाला १० ते १५ फ्रेम, २५० ते ४०० केबीपीएस. नंबर प्लेट वाचायची असेल तर तेवढा तुकडा नंतर कार्डावरून मागवा. मात्र उशीर नको, कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं.

मोबाइल ॲपमध्ये दिसतं पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काळा चौकोन येतो, तेव्हा बहुधा सब स्ट्रीम एच.२६५ या व्हिडिओ दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीवर असते. जुन्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरला ती उलगडत नाही. जुनी पद्धत, एच.२६४ करा, काम झालं.

आता वीज. मशीनला तीन वायरी असतात: लाल बॅटरीला, काळी अर्थिंगला, पिवळी इग्निशनला. पिवळी वायर लालच्याच जोडीला बांधली की मशीन कधी झोपतच नाही. चार कॅमेऱ्यांसह १५ वॅट धरले तरी १२ व्होल्टच्या छोट्या हत्तीत १२ तासांत १५ अँपिअर-अवर जातात, आणि सकाळी गाडी धक्का मारून चालू करावी लागते. उलट पिवळी बरोबर लावली, तर गाडी बंद झाल्यावर ठरलेल्या वेळाने मशीन बंद होणारच. चिंचोळी एमआयडीसीत रात्री उभ्या गाडीचा कॅमेरा “बिघडला” म्हणून येणाऱ्या तक्रारी बहुधा याच असतात. बंद झाल्यावरचा वेळ सेटिंगमध्ये ३० मिनिटं ते एक तास ठेवा. ड्रायव्हर कट-ऑफ स्विच पाडत असेल तर लाल वायर स्विचच्या आधी, बॅटरीजवळ फ्यूज लावून घ्या. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणं टाळा. एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर गेला की आणखी एक दुखणं उद्भवतं. काचेखाली डॅशबोर्डवर ठेवलेलं मशीन तापून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. हेही दुपारीच होतं, त्यामुळे डेटा संपल्यासारखं वाटतं. फरक सोपा आहे: डेटा संपला तर लोकेशन चालू राहतं, मशीन तापलं तर लोकेशनही मधेमधे तुटतं. मशीन सीटमागे, हवा लागेल असं बसवा, पण ४जीचा अँटेना पत्र्याच्या आत कोंबू नका. जीपीएस आणि ४जीचे अँटेना अदलाबदल झालेलेही आढळतात. पिना सारख्या असल्या की घाईत हे होतंच.

राहिला कॅमेरा. ऊस वाहणाऱ्या गाड्यांत धूळ आणि हादऱ्यांनी मागच्या कॅमेऱ्याची चार पिनांची जोडणी ढिली होते, पाणीही शिरतं. चित्र गुंडाळत असेल किंवा रंग उडाला असेल तर त्या चॅनलवर कॅमेऱ्याचा कोणता प्रकार निवडलाय (एएचडी ७२०, एएचडी १०८० की जुना सीव्हीबीएस) ते आधी बघा. सेटिंग बरोबर असूनही चौकोन काळाच असेल तर दोन कॅमेऱ्यांच्या केबल मशीनच्या मागे अदलाबदल करा. काळा चौकोन चॅनल २ वरून ३ वर सरकला तर कॅमेरा किंवा केबल बदला. तो जागेवरच राहिला तर मशीनचं पोर्ट (केबल खोचायची जागा) गेलंय, नवा कॅमेरा विकत घेऊन उपयोग नाही.