कोरलमधली ट्रान्सपरन्सी काढून साधा ग्रेडियंट कसा टाकायचा

जोतिबाच्या यात्रेचे बॅनर सुरू झाले की कोल्हापुरात कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रॉब्लेम हमखास येतोय, स्क्रीनवर सगळं झकास दिसतंय आणि प्रिंटला शॅडोभोवती पांढरा चौकोन. कारण जुनं ईपीएस किंवा पीडीएफ १.३ हे फाईलचे प्रकार ट्रान्सपरन्सी, म्हणजे मागचं आरपार दिसणारा रंग, घेतच नाहीत, ती पीडीएफ १.४ पासून आली, मग एक्स्पोर्ट करताना फाईलचे तुकडे पडतात.

समजा मागं गुलाली रंग आहे, म्हणजे मॅजेंटा शाई १०० टक्के, आणि त्यावर पांढरा फेड होत गेलाय. ट्रान्सपरन्सी टूल घेऊन नन, म्हणजे बंद करा, मग जी दाबून इंटरॅक्टिव्ह फिलनं ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा, ओढा, एका टोकाला पांढरा आणि दुसऱ्या टोकाला मागचाच मॅजेंटा १००. झालं, दिसायला सेम.

काळ्या शॅडोला मात्र हिशोब करा बरं का. पूर्ण काळा ४० टक्केच दिसत असेल आणि मोड नॉर्मल असेल तर ग्रेडियंटच्या गडद टोकाला मॅजेंटा ६० काळा ४०, मल्टिप्लाय, म्हणजे मागच्या रंगात भर घालणारा मोड असेल तर मॅजेंटा १०० काळा ४०, आणि मला मल्टिप्लायवालाच आवडतो कारण गुलाल मळकट दिसत नाही.

शॅडो दोन रंगांवर पडत असेल तर इंटरसेक्टनं, म्हणजे दोन आकार एकमेकांवर येतात तेवढाच भाग काढणाऱ्या कमांडनं, तिचे तुकडे करा आणि प्रत्येकाला त्याच्या मागच्या रंगाचा ग्रेडियंट द्या, फक्त दिशा आणि लांबी सगळ्यांची एकच ठेवा नाहीतर जोडावर रेघ दिसते.

मागं फोटो असेल तर हे जमत नाही, तिथं फोटो आणि शॅडो एकत्र सिलेक्ट करून सरळ बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं एकच चित्र करा, अक्षरं तेवढी वर व्हेक्टर, म्हणजे रेषांच्या आकारातच राहू द्या.