वाडीच्या शाळेची वर्गणी: तेरावा महिना कसा निभवावा

शाळेच्या रंगाला पैसे जमतात. संगणकाला जमतात, मोठ्या टीव्हीला तर हमखास, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. चार महिन्यांनी त्या टीव्हीचं वीजबिल भरायला मात्र कोणी सापडत नाही. मग वीज तुटते आणि टीव्ही कपाटाशेजारी चादर पांघरून उभा राहतो.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी मुंबई मंडळाचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षं वर्गणी गोळा करतोय. पुढे सासुरवाडीच्या आणि मावशीच्या गावच्या शाळेलाही हीच घडी बसवून दिली. ‘मोठा देणगीदार गाठा’, ‘कंपनीला अर्ज करा’ हे ऐकून कान किटलेत. कंपनी येते, पाटी लावते, फोटो काढते आणि जाते. कोणी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव घेतं. तिथल्या गावकऱ्यांनी शाळेला जमीनही दिली, पैसाही दिला, त्यांचं कौतुकच आहे. पण आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे आणि माणसं विरार, दिवा, नालासोपाऱ्यात. आम्हाला दर महिन्याला सात-आठ हजार लागतात. तेवढे, पण न चुकता.

खर्चाची यादी

पुस्तकं, गणवेश, पोषण आहार सरकार देतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटाप्रमाणे, म्हणजे मुलांच्या संख्येप्रमाणे, वर्षाचं अनुदान येतं: पट तीसपर्यंत असेल तर 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार. त्यात काय बसत नाही, तेवढंच आपण उचलायचं. आमच्याकडे ते वीजबिल, इंटरनेट, वरच्या वाडीतल्या पोरांची रिक्षा आणि साफसफाई करणाऱ्या ताईंचं मानधन असं निघालं.

ही यादी मुंबईत बसून करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांना विचारा. आम्ही प्रोजेक्टर घेऊन निघालो होतो. बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, “आधी मुलींच्या संडासात पाणी येऊ दे.” प्रोजेक्टर राहिला, टाकी बसली.

शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांकडून सक्तीनं एक रुपयाही नको. वर्गात पोराला उभं करून ‘तुझ्या बाबांनी दिले का?’ असं विचारणारा कार्यकर्ता असेल तर त्याला त्याच दिवशी कामातून मोकळं करा.

खातं

पैसे कोणाच्याही स्वतःच्या खात्यात घ्यायचे नाहीत. माझ्याही नाही. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर मंडळाचं वेगळं बचत खातं उघडा, दोघांच्या सहीचं. नोंदणी नसेल तर गणपती मंडळं घेतात तशी वर्गणी गोळा करायची परवानगी (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 क) घ्या, किंवा थेट व्यवस्थापन समितीच्या खात्यात ठराव करून पैसे द्या. वस्तू दिली तर ती शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे सामानाच्या वहीत, चढल्याशिवाय निघू नका. मानधनावर माणूस ठेवायचा तर समितीचा ठराव आणि केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) पत्र, दोन्ही हवं.

आयकरात सवलत मिळते का, हे पहिला माणूस विचारतोच. संस्थेकडे 80जी ची मान्यता असेल आणि देणाऱ्यानं जुनी करपद्धती घेतली असेल, तर मिळते. 2 हजारांवर रोख दिली तर नाही. खरं सांगायचं तर महिना 200 रुपये देणारा सवलतीसाठी देत नसतो. त्यावर अर्धा तास घालवू नका.

गावातला पोरगा दुबईला आहे आणि पासपोर्ट भारताचा आहे, तर त्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगीत मोजले जात नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र मोजले जातात, मग तो ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असो आणि त्याचं घर शाळेला लागून असो. संस्थेची परकीय देणगीची नोंदणी नसेल तर त्याला हात जोडून नाही म्हणा.

मागायचं कधी

गणपतीत फक्त दाखवायचं, मागायचं नाही. तेव्हा प्रत्येकाच्या खिशाला एसटीपासून मोदकांपर्यंत भोकं पडलेली असतात, आणि वाडीची, देवळाची, भजनाची वर्गणी रांगेत उभी असते. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधी सांगून तासभर कुलूप उघडून घ्या. माणसाला त्याचा जुना वर्ग दाखवा, छत कुठं गळतं ते दाखवा, चहा पाजा आणि सोडून द्या. मागणं मुंबईत, पगार झाल्यावर, त्याच्या घरी बसून.

रक्कम लहान ठेवा. महिना 200 चे 40 जण म्हणजे 8 हजार. पाच हजार देणारे दोघंच असले की त्यातला एक रुसला तरी शाळा अंधारात. आमच्या भागात हे नवं नाही. संगमेश्वरच्या शाळेच्या नावातच ‘पैसा फंड’ आहे. माणशी वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. त्या फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. लोकांच्या लक्षात तो एक पैसा राहतो. तो दरवर्षी द्यायचा होता, हे विसरतात.

तेरावा महिना

इथे मी आपटलो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिल्या वर्षी 38 जण तयार झाले. प्रत्येकाच्या मोबाइलवर बँकेच्या ॲपमध्ये महिन्याची आपोआप रक्कम लावून दिली. ॲपमध्ये याला ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘शेड्यूल्ड ट्रान्सफर’ असं काहीतरी म्हणतात. वर्षभर पैसे घड्याळासारखे आले. मी खूश. बैठकीत माझा नारळ देऊन सत्कारही झाला. तेराव्या महिन्यात खातं उघडलं तर 9 जणांचे पैसे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

कारण किरकोळ होतं. रक्कम लावताना ‘किती हप्ते’ या रकान्यात आम्ही सगळ्यांना 12 भरायला सांगितलं होतं. बारा झाले, संपलं. कोणी फसवलं नव्हतं, कोणी कंटाळलंही नव्हतं. बहुतेकांना वाटत होतं की पैसे अजून जाताहेत.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 29 जणांची यादी टाकली आणि वर लिहिलं, ‘थकबाकी’. अर्ध्या तासात सहा जण ग्रुप सोडून गेले. त्यातल्या एकाची कंपनी दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती आणि घरात बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ग्रुपवर त्याचे सासरे होते. मी दिव्याला त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यानं चहा दिला, बोलला काही नाही. पैसे तो नंतर कधीतरी द्यायला लागला. मंडळाच्या बैठकीला अजून येत नाही. वर्गणी ही उधारी नाही. तिला ‘थकली’ हा शब्दच लावायचा नाही.

आता आम्ही असं करतो. कोणी कुठल्याही महिन्यात सुरू करो, शेवटची तारीख सगळ्यांची 31 मार्च. हप्ता महिन्याच्या 7 तारखेला, म्हणजे पगार झालेला असतो आणि घराचा ईएमआय बहुतेकांचा गेलेला असतो. नूतनीकरण फेब्रुवारीत. जूनमध्ये नको, तेव्हा ज्याच्या त्याच्या पोरांची फी असते. फेब्रुवारीत लोक शिमग्याच्या रजेची जुळवाजुळव करत असतात, गाव डोक्यात असतं. ‘शेवटची तारीख टाकूच नका, कायम चालू राहील’ असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. माणसाला वर्षातून एकदा हो म्हणायची संधी मिळाली पाहिजे, आणि नाही म्हणायचीही.

दहा जणांमागे एक माणूस नेमा आणि त्यानं फोन करायचा. मेसेज नाही, फोन. त्याच्या आठवडाभर आधी एका पानाचा हिशोब घरोघरी पोचलेला हवा: आले किती, गेले किती, शिल्लक किती, सोबत वीजबिलाच्या पावतीचा फोटो. पोरांचे नाचतानाचे फोटो पुरेत. पावतीचा फोटो जे काम करतो ते नाचाचा फोटो करत नाही. आणि हिशोबात चूक झाली असेल तर ती आपणच आधी लिहा. आम्ही एकदा रिक्षाचे पैसे दोनदा दिले होते, तसं छापलं. त्या वर्षी उलट चार जण वाढले.

फोनवर बोलणं साधं. “दादा, मार्चमध्ये तुझा हप्ता संपतोय. चालू ठेवायचा का? नसेल जमत तर मोकळेपणानं सांग, नाव काढतो, कोणाला कळणार नाही.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. सुरुवातीला मीही गाळायचो, वाटायचं आपणच पळवाट दाखवतोय. ते बोलायला लागल्यापासून गळती कमी झाली. ज्याला खरंच जमत नाही तो वर्षभर थांबतो आणि पुन्हा येतो. लाजलेला माणूस परत येत नाही.

‘हो, करतो’ म्हणाला की फोन ठेवू नका. त्याला तिथंच ॲप उघडायला लावा. ‘रविवारी करतो’ म्हणणाऱ्याचा रविवार मी अजून पाहिलेला नाही. कोणी बँक बदलली असेल, कोणाचा मोबाइल मुलाकडे असेल, तर घरी जाऊन दहा मिनिटांत लावून द्या.

देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटीही नको. दोनशे देणारा आपलं नाव पाच हजारवाल्याच्या खाली पाहतो आणि गप्प होतो.

ठेव

कायम निधीच्या, म्हणजे मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचं अशा ठेवीच्या, मागे पहिल्या दिवसापासून लागू नका. 5 लाखांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 32,500 देते, म्हणजे महिन्याला 2,700 च्या आसपास. रिक्षाचा खर्चही धड निघत नाही, आणि 5 लाख जमेपर्यंत पोरं सातवी पास होऊन जातात. निमित्तानं येणारे पैसे मात्र ठेवीतच घाला: आईच्या वर्षश्राद्धाचे, निवृत्तीचे, नातवाच्या बारशाचे. देणाऱ्याकडून ‘कायम निधीसाठी’ असं लेखी पत्र घ्या. मुद्दल मोडायचं नाही.

गुरुजींवर सगळं टांगू नका. ते कितीही चांगले असोत, बदली होते. व्यवहार समितीशी ठेवा.

आणि एक ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा काही शाळा मिळून एक शाळा, करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून देणारा विचारतो, ‘शाळाच बंद झाली तर माझे पैसे कुठं?’ याचं उत्तर तोंडी चालत नाही. आम्ही लिहून ठेवलंय: शाळा बंद झाली तर शिल्लक आणि व्याज वाडीतली मुलं ज्या शाळेत जातील तिथपर्यंतच्या गाडीभाड्याला जाईल, आणि मुद्दलाचा निर्णय सर्वसाधारण सभा घेईल. तो कागद फायलीत पहिल्या पानावर लावलाय. पट सध्या एकोणीस आहे.