नोकरी, लेकरू आणि नर्सिंग: एकटीने कसं जमवायचं

एकटीने मूल सांभाळत, नोकरी चालू ठेवून नर्सिंग करायचंय ना, मग एक गोष्ट आधी पक्की करा. कॉलेजचे तास हलत नाहीत, त्यामुळे नोकरीचे हलवायचे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातले तास तर 100 टक्के भरावेच लागतात, पोराला ताप आला म्हणून बुडलेली पोस्टिंग, म्हणजे शिकाऊ म्हणून वॉर्डात लागलेली ड्युटी, सुद्धा नंतर भरून द्यावी लागते. म्हणून कुणी "ताई, फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो" म्हणालं की तिथून सरळ उठा, कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, नाहीतर पैसे जातात आणि पुढे नर्स म्हणून रजिस्ट्रेशनला अडतं.

कोर्स कुठला? एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) 2 वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) 3, बीएस्सी नर्सिंग 4. बीएस्सीला बारावी सायन्स लागतं पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के हवेत. वयाची मर्यादा 35, पण एएनएम झालेलीला जीएनएमसाठी ती अट नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं आणि वय गेलं म्हणून गप्प बसतात. जीएनएम करून आधीच ड्युटी करत असाल आणि रजिस्ट्रेशननंतर 2 वर्षांचा अनुभव असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं पोस्ट बेसिक बीएस्सी बघा, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, ते नोकरीतल्या नर्सेससाठीच आहे, किमान 3 वर्षं लागतात, यंदाची नोटीस तेवढी नीट वाचा.

आता नोकरी. दिवसाची फुल टाइम नोकरी आणि रेग्युलर जीएनएम एकत्र होत नाही, कुणी काहीही सांगो. जमतं ते असं, फिक्स संध्याकाळची शिफ्ट मागायची, मेडिकलचं काउंटर किंवा क्लिनिकचं रिसेप्शन, आणि रविवारी पूर्ण दिवस. होम केअरच्या रात्रपाळीला पैसे बरे मिळतात म्हणून मोह होतो, पण रात्रभर जागून सकाळी वॉर्डात इंजेक्शन भरायचं हे मला अजिबात पटत नाही, पेशंटचा जीव आहे तो. मी मुलींना पोस्टिंगला घेऊन जाते, डोळे मिटत असलेली मुलगी लगेच कळते. रात्रपाळी घ्यायचीच तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच घ्या.

मुलासाठी एक माणूस पुरत नाही, दोन ठरवा. आजी किंवा पाळणाघर हे रोजचं, आणि दुसरी अशी शेजारीण जी पहाटे साडेपाचला फोन केला तर दार उघडेल, कारण सकाळच्या पोस्टिंगला पोर तापाने फणफणलेलं असतं तेव्हा पाळणाघर घेत नाही. तिला आधीच सांगून ठेवा, औषधाचा डोस कागदावर लिहून फ्रिजला लावा. क्लास कोऑर्डिनेटरलाही पहिल्याच आठवड्यात घरची परिस्थिती सांगा, लपवू नका, रोटेशन, म्हणजे कुणाला कधी कुठला वॉर्ड ते, लागायच्या आधी सांगितलं तर थोडंफार इकडेतिकडे करता येतं.

अभ्यासाचं म्हणाल तर केअर प्लॅन आणि केस स्टडी, म्हणजे पेशंटवर लिहायच्या वह्या, घरी आणूच नका. माझी एक विद्यार्थिनी खिशातल्या छोट्या डायरीत बीपी, नाडी, ड्रेसिंगची वेळ, पेशंट काय बोलला ते तिथल्या तिथे लिहायची आणि जेवणाच्या सुट्टीत जर्नलमध्ये उतरवायची, सही त्याच दिवशी घ्यायची. वर्षाच्या शेवटी बाकीच्या सह्यांसाठी वॉर्डावॉर्डात पळत असताना ही निवांत.

पैशाचं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाची स्कॉलरशिप बघा. आणि बाल संगोपन योजना सोडू नका, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या आईच्या मुलांनाही मिळते, 2023 पासून महिन्याला 2250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा, आधार, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला लागतो, मंजुरी बाल कल्याण समितीकडून येते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अ‍ॅडमिशनची धावपळ सुरू व्हायच्या आधीच देऊन टाका.