सिलिकॉनवरच्या टायटॅनिया फिल्मची रामन कशी घ्यावी

आमच्या मशीनवर फिल्म घेऊन येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पीक आला का?" रामन म्हणजे लेसरचा प्रकाश टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थातल्या अणूंची कंपनं ओळखणं; आलेखात (स्पेक्ट्रममध्ये) कंपनाचा जो उंचवटा येतो तो पीक. पीक येतोच. तो फिल्मचा की खालच्या सबस्ट्रेटचा (फिल्म ज्यावर टाकली त्या आधाराचा), आणि फिल्मचाच असला तर लेसरने मध्येच काही उद्योग करून ठेवलाय का, हे आधी बघायचं असतं. उदाहरणाला सिलिकॉन वेफरवर सोल-जेलने (द्रावणातून) टाकलेली शे-दोनशे नॅनोमीटरची टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे टायटॅनियाची, फिल्म घेते, कारण सगळ्या भानगडी तिच्यात एकत्र भेटतात.

येताना त्याच वेफरचा एक कोरा तुकडा आणा, फिल्मसोबत त्याच भट्टीत तापवलेला. कॅलिब्रेशन सिलिकॉनवरच होतं (त्याचा पीक ५२०.५ प्रति सेंटीमीटरला; पुढचे पीकचे आकडेही याच एककात). शिवाय कोऱ्या तुकड्याचा स्पेक्ट्रम हाताशी नसेल तर ३०३ जवळचा छोटा पीक आणि ९४० ते ९८० मधला पसरट उंचवटा यांना हमखास 'नवीन फेज' (पदार्थाचं नवं स्फटिकरूप) म्हटलं जातं. दोन्ही सिलिकॉनचेच आहेत.

ॲनाटेज हे टायटॅनियाचं एक स्फटिकरूप. त्याच्या जालकाची रामनमध्ये दिसणारी कंपनं सहाच: १४४, १९७, ३९९, ५१३, ५१९ आणि ६३९. यातला १४४ सगळ्यांत जोरकस, फिल्म पातळ असली तरी दिसतो. ५१३ आणि ५१९ मात्र सिलिकॉनच्या पीकखाली गडप होतात. म्हणून निवाडा १४४, ३९९ आणि ६३९ वर करा. रूटाइल (टायटॅनियाचं दुसरं स्फटिकरूप) मिसळलंय का हे ४४७ आणि ६१२ वर बघा. रूटाइलचाही एक बारीक पीक १४३ ला असतो, पण ॲनाटेज असताना तो वेगळा काढायच्या भानगडीत पडू नका.

गडप झालेला भाग बघायचाच असेल तर पोलरायझेशन (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) वापरा. वेफर (१००) चा, म्हणजे स्फटिकाच्या त्या प्रतलाला समांतर कापलेला, असेल तर तो ज्या सरळ कडेने तुटतो ती [११०] ची दिशा. कड लेसरच्या पोलरायझेशनला समांतर आणि ॲनालायझरही (परतणाऱ्या प्रकाशातलं एकच पोलरायझेशन निवडणारी चकती) समांतर असेल, तर ५२० पूर्ण ताकदीने येतो. आता ॲनालायझर तसाच ठेवून तुकडा ४५ अंशांनी फिरवा. ५२० चा पीक डोळ्यांदेखत बसतो, कारण या मांडणीत सिलिकॉनच्या त्या कंपनाला सममितीनेच मनाई आहे. ३०३ मात्र तसाच राहतो, घाबरू नका. १००एक्स ऑब्जेक्टिव्हमधून (सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून) किरण फार तिरके आत जातात आणि मनाई असलेला पीकही थोडा झिरपतो. त्यापेक्षा इथे ५०एक्सचा लांब अंतराचा ऑब्जेक्टिव्ह बरा. फिल्मचे दाणे वाटेल तसे पसरलेले असल्याने ॲनाटेजचे पीक फिरवण्याने फारसे हलत नाहीत. एपिटॅक्सियल (सबस्ट्रेटच्या स्फटिकाला धरून एकाच दिशेत वाढलेली) फिल्म असेल तर हे गणित वेगळं, तिथे फिल्मही फिरवण्याला दाद देते.

आता लेसरची ताकद. ०.९ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती तिरके किरण घेतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हमधून ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा ठिपका पाऊण मायक्रॉनहूनही लहान असतो. त्यावर १ मिलिवॅट म्हणजे प्रति चौरस सेंटीमीटर दोन लाख वॅटच्या वर. स्वच्छ टायटॅनिया हिरवा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही आणि खालचं सिलिकॉन उष्णता भराभर पसरवतं, म्हणून ही जोडी बरंच सोसते. ऑक्सिजन कमी पडून निळसर-काळी झालेली फिल्म, तीही काचेवर, असलं काही सोसत नाही. मॅग्नेटाइट तर बघता बघता हेमाटाइट होतं (दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं): ६६८ चा पीक विरतो आणि २२५, २९२, ४११ उगवतात. म्हणून आधी कमी ताकदीवर, मग जास्त, मग पुन्हा कमीवर स्पेक्ट्रम घ्या. पीक सरकून परत जागेवर आला तर नुसतं तापलं होतं. आला नाही तर त्या ठिकाणची फिल्म बदलली, दुसरी जागा शोधा.

१४४ चा पीक १४८ ला दिसला की मुलं लगेच 'स्ट्रेन' (जालक ताणलं किंवा दाबलं जाणं) लिहून मोकळी होतात. दाणे दहाएक नॅनोमीटरहून लहान असले तरी तो वर सरकतो आणि रुंदावतो. ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या असल्या तरी तेच. आणि ॲनाटेज तापलं तरीही तो वरच जातो. सिलिकॉनचं उलटं आहे, तापलं की त्याचा पीक खाली येतो, अंशामागे साधारण ०.०२ ने. त्यामुळे त्याच स्पेक्ट्रममधला ५२० जागचा हलला नसेल तर तापण्याचा संशय बराचसा मिटतो. दाणे की ऑक्सिजन हे ठरवायला फिल्म ऑक्सिजनमध्ये भाजतात, पण भाजताना दाणेही वाढतात. भाजण्याआधी आणि नंतर एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, दाण्यांचा आकार कळायला) घेतल्याशिवाय त्या प्रयोगातून काही निघत नाही.

काचेवरच्या फिल्मला ७८५ नॅनोमीटरचा लेसर लावू नका. काच स्वतःच चमकते आणि १४०० च्या आसपास मोठा डोंगर उभा राहतो. तिथे ५३२ च ठेवा आणि वेळ वाढवा.