जुन्या लढाऊ विमानांचे फोटो काढताना या चुका टाळा

"फोटो लई झकास आलाय की रे. पण नंबर कुठंय?"

आमच्या गल्लीतल्या काकांचा हा प्रश्न. त्यांची उमेदीची वर्षं नौदलात विमानांच्या देखभालीत गेली. मी गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयातून आलो होतो आणि सी हॅरियर या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटचा सगळ्यात आवडलेला फोटो मोठा छापून त्यांना दाखवायला नेला होता. काकांनी चष्मा लावला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट नाकापासून मागे मागे सरकवत नेलं. पंखाच्या पुढे जिथे फोटो संपला, तिथे बोट थांबलं. नौदलाच्या विमानावर शेपटीकडच्या भागावर 'आयएन' ही अक्षरं आणि पुढे आकडा असतो. हे विमान आपल्या हाताखालून गेलेलं आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. घरी येऊन सगळे फोटो चाळले. सी हॅरियरचे चाळीसेक होते, पण पूर्ण नंबर एकातही नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे. कलाकुसर नंतर, आधी प्रत्येक विमानाचा एक सरळ, बाजूने घेतलेला, नाकापासून शेपटीपर्यंतचा फोटो, ज्यात नंबर वाचता येईल. मग नंबरचा जवळून एक आणि माहितीफलकाचा एक. तीन फोटोंना मिनिटभर लागतं. ज्यानं ते विमान उडवलं, दुरुस्त केलं, त्याला तुमच्या फोटोत आपलं विमान ओळखता आलं पाहिजे. पुढचं सगळं मी याच कसोटीवर सांगतोय.

निघण्याआधी होणारी चूक

आपल्याला सोलापूरहून दोन ठिकाणं सोयीची पडतात. एक गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय, दुसरं बंगळूरचं, विमानं बनवणाऱ्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कंपनीचं हेरिटेज सेंटर, जिथे उद्यान एक्स्प्रेस पकडली की जाता येतं. होटगी रोडच्या विमानतळावरून आता गोव्याला विमानही आहे, पण ते उत्तरेला मोप्याला उतरवतं आणि संग्रहालय दक्षिणेला दाबोळीच्या बाजूला. हा रस्ता हिशोबात धरला नाही की सकाळचा चांगला उजेड टॅक्सीतच संपतो. साप्ताहिक सुट्टी आणि वेळाही आधी फोन करून विचारून घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोबाइलवर नकाशाचं उपग्रह-चित्र उघडा. बाहेर मांडलेली विमानं त्यात वरून स्पष्ट दिसतात. कुठल्या विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते कागदावर काढून घ्या. पूर्वेकडे तोंड असलेलं विमान सकाळी घ्यायचं, पश्चिमेकडचं दुपारी चारनंतर. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाजूने उभं राहिलं तर विमानाचं अंग उजळलेलं मिळतं. मे महिन्यात हे चालत नाही. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. गोव्यात ते थोडं आधी होतं. अशा उन्हात पंखाची वरची बाजू पांढरीफटक आणि पोटाखाली काळाकुट्ट अंधार. कुठलाही कॅमेरा घ्या, हा फरक एका फोटोत मावत नाही.

विमान काळं का येतं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डोळ्यांना छान राखाडी दिसणारं विमान फोटोत काळपट येतं, किंवा विमान ठीक आलं तर आकाश कागदासारखं पांढरं.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीवर आणायला बघतं. जुनी विमानं बहुतेक वेळा उघड्यावर, मागे भरपूर आकाश अशी उभी असतात. मीटरला वाटतं केवढा हा उजेड, आणि ते फोटो अंधारा करून टाकतं. चंदेरी किंवा पांढऱ्या अंगाच्या विमानाला तर जास्तच. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक ०.७ ते अधिक १ वर न्या. उलट, गडद रंगाचं विमान फ्रेम भरून असेल तर ते थोडं उणे करावं लागतं. मोबाइलवर विमानाच्या अंगावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि मग सूर्याचं चिन्ह वरखाली करा.

याचा सराव घरच्या गच्चीवर होतो. स्टीलची घागर सकाळी नऊच्या उन्हात ठेवा आणि असा फोटो काढायचा प्रयत्न करा की तिच्या चकाकत्या कडेचा तपशीलही राहील आणि तळाची सावलीही उघडी दिसेल. तीन फोटो घ्या: एक मीटर म्हणेल तसा, एक पायरी जास्त, एक पायरी कमी. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घेतले तर कुठला सुधारता येतो ते संगणकावर समजतं. पांढरं जळून गेलेलं परत येत नाही, सावली मात्र बरीच उचलता येते. घागरीवर हे जमलं की कॅनबेरा या जुन्या बॉम्बफेकी जेटच्या चकचकीत पंखावरही जमतं.

रंगासाठी एक खूण विमानावरच असते. आपल्या लष्करी विमानांवरचं गोल चिन्ह म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. त्यातलं पांढरं कडं फोटोत निळसर दिसलं तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा तोल, बिघडलाय. फिकट पिवळं दिसलं तर मात्र घाई करू नका, रंग खरोखरच जुना होऊन पिवळा पडलेला असू शकतो. आधी डोळ्यांनी नीट बघून ठेवा.

वाकडं नाक, कापलेली शेपटी

मोबाइलचं ०.६ चं वाइड भिंग वापरून विमानाला चिकटून फोटो काढणं ही चूक आता सर्रास झाली आहे. नाक भोपळ्याएवढं येतं आणि शेपटी पार लहान होते. नॅटसारखं छोटं लढाऊ विमान मुळात नऊ मीटर लांबीचं, आपल्या एसटीपेक्षा आखूड. त्याचा डौल सगळा त्याच्या लहानपणात आहे. जवळून वाइड घेतलं की तोच जातो. दहा-पंधरा पावलं मागे जा, २ एक्स लावा. कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स. गोव्याच्या सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या पंख्यांच्या विमानाचा पंख मात्र सदतीस मीटरच्या वर आहे, तिथे मागे जायला जागा पुरत नाही. अशा वेळी सगळं विमान कोंबण्यापेक्षा त्याची तीन सुकाणूंची शेपटी वेगळी घ्या, माशासारखं वळलेलं धड वेगळं घ्या.

कोन कसा पकडायचा हे मी आपल्या एसटी स्टँडवर शिकलो. उभ्या लालपरीभोवती एक फेरी मारा. समोरून ती चपटी दिसते, बाजूने लांबलचक. कोपऱ्यातून एका ठरावीक जागी तोंड आणि अंग दोन्ही नीट दिसतात. त्या जागेवरून गुडघ्यावर बसा, ती एकदम भारदस्त दिसते. विमानाचंही तसंच आहे.

आणखी एक. एचटी-२ सारख्या जुन्या प्रशिक्षण विमानाला मागच्या बाजूला छोटं चाक असतं, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करूनच उभं राहतं. पुष्कळ जण एडिट करताना विमान आडवं सरळ करतात आणि जमीन तिरकी होते. सरळ करायची ती जमीन, विमान नाही.

कॅनोपीत उमटणारे इंद्रधनुष्याचे पट्टे

कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणात आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून लोक पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, लावतात. मीही लावला होता. घरी येऊन बघतो तर सगळ्या कॅनोपीवर जांभळे-हिरवे पट्टे. मला वाटलं लेन्स गेली. लेन्स धडधाकट होती. हे झाकण अ‍ॅक्रिलिकचं असतं, ते वाकवून घडवताना त्यात ताण राहतो, आणि आकाशातला ध्रुवीकृत प्रकाश त्यातून येऊन पोलरायझरमधून गेला की तो ताण रंग होऊन दिसतो. फिल्टर हळूहळू फिरवत पट्टे कमी होतात का बघा, नाहीतर सरळ काढून ठेवा. रंगवलेल्या अंगावरची चमक पोलरायझर कमी करतो, उघड्या धातूवरची करत नाही. तिथे तुम्हीच दोन पावलं सरका.

आतली यंत्रं घ्यायची असतील तर गडद रंगाचा शर्ट घालून जा, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब थेट काचेत येतं. लेन्स काचेच्या जवळ न्या पण टेकवू नका. अ‍ॅक्रिलिकवर चरा पडला की पडला, आणि तो तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या फोटोत येणार.

मागे कुणी जातच नाही

सगळी गर्दी नाकासमोर, आणि खरी गंमत पुष्कळदा मागे. गोव्यात सी हॉक हे नौदलाचं जुनं लढाऊ जेट आहे. डिसेंबर १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवरून याच जातीच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. त्याच्या मागे जाऊन उभे राहा. जेट विमान, पण शेपटीच्या टोकाला धूर सोडणारं तोंडच नाही. झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. हा एक फोटो त्या विमानाबद्दल जेवढं सांगतो, तेवढं समोरून काढलेले दहा सांगत नाहीत. सी हॅरियरच्या दोन्ही कुशींत दोन-दोन फिरती नळकांडी आहेत, त्यांच्याच जोरावर ते जागेवरून वर उचललं जायचं. ती घ्यायची तर गुडघ्याच्या उंचीवरून, अगदी बाजूने.

मिग-२१ समोर आलं तर अंगावरच्या बारीक सूचना वाचा. हे विमान आपल्या हवाई दलात १९६३ ते सप्टेंबर २०२५ एवढा काळ होतं, आणि कितीतरी मिग आपल्या नाशिकजवळ ओझरला तयार झाली. बंगळूरला मारुत दिसेल, आपल्याकडेच तयार झालेलं लढाऊ जेट, जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या आराखड्यावर बनलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. त्याचं निमुळतं धड कोवळ्या तिरप्या उन्हात बघावं. पत्र्याचे जोड आणि रिव्हेटच्या ओळी त्या उजेडात उठून दिसतात, बारा वाजता त्या सपाट होतात.

बाकी किरकोळ अडचणी

लांबून टेलि (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने काढलेला फोटो मऊ, थरथरल्यासारखा येत असेल तर तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आहे. जवळ जा किंवा सकाळी या. हॉलमध्ये फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दिव्यांची लुकलुक आहे, शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा. एसी डब्यातून उतरून गोव्याच्या दमट हवेत लगेच लेन्स उघडली तर धुकं धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, आतून पुसायचा प्रयत्न नको.

दोरी ओलांडून पंखाला हात लावू नका, शिडीवर चढू नका. शेजारचा नौदल किंवा हवाई तळ फ्रेममध्ये घेऊ नका, ड्रोन तर घरीच ठेवा. कुठे मनाई आहे ते फलकावर लिहिलेलं असतं, आणि शंका आली तर दारावरच्या जवानाला विचारलेलं बरं.

दुसऱ्यांदा गोव्याला गेलो तेव्हा काकांना नंबरासकट पूर्ण सी हॅरियर आणून दाखवलं. त्यांनी भिंग मागवलं, आकडा वाचला, मग पंखाखालच्या एका झाकणावर बोट ठेवून म्हणाले, "हितलं हे उघडायला लई वैताग यायचा बघ." आणि पुढे तासभर ते बोलत होते.

आता घरी आल्यावर त्याच रात्री मी फाइलींना नावं देतो: ठिकाण, विमानाचा प्रकार, नंबर, तारीख. उद्यावर ढकललं की सी हॉक कुठला आणि सी हॅरियर कुठला, यातच घोळ सुरू होतो.